पोटाचे नेहमीचे औषध मिळेनासे झाले तर

छातीतली जळजळ, पोटफुगी किंवा जुलाब यांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे ओळखीचे औषध दुकानांतून एकाएकी दिसेनासे झाले, की आता काय घ्यायचे हा प्रश्न पडतो आणि त्याच्या जोडीने यामागे काही लपवले जात आहे का, अशी शंकाही येते. या दोन प्रश्नांतला दुसरा आधी सोडवावा लागतो. औषध केवळ कमी पडले असेल, तर तोच घटक असलेले दुसऱ्या कंपनीचे औषध निर्धास्तपणे घेता येते. पण ते सुरक्षिततेच्या कारणावरून मागे घेतले गेले असेल, तर घरातल्या कपाटात उरलेल्या गोळ्याही बाजूला काढाव्या लागतात. म्हणून पर्याय शोधण्याआधी कारण शोधावे.

कारण कसे शोधावे

औषधविक्रेत्याला आपण सहसा "कधी येईल?" एवढेच विचारतो. त्याऐवजी "पुरवठा थांबला आहे, की माल परत मागवला आहे?" असे विचारावे. या प्रश्नाला नेमके उत्तर देण्याइतकी माहिती फार्मासिस्टकडे बहुधा असते, कारण माल परत मागवला असेल तर वितरकाकडून त्याला तशी सूचना आलेली असते. त्यानंतर आपल्या देशाच्या औषध नियामकाचे, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, संकेतस्थळ पाहावे. अनेक नियामक तुटवड्यातील औषधांची आणि परत मागवलेल्या औषधांची माहिती स्वतंत्रपणे प्रसिद्ध करतात. परत मागवण्याच्या सूचनेत औषधाचे नाव, गोळीतील घटकाचे प्रमाण, बॅच क्रमांक आणि कारण दिलेले असते. तो बॅच क्रमांक हातातल्या पाकिटावरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. बहुतेक वेळा ठरावीक बॅचच परत मागवल्या जातात, त्यामुळे केवळ नाव सारखे आहे म्हणून पाकीट फेकून देण्याचे कारण नाही.

आणखी एक चाचणी घरबसल्या करता येते. तोच घटक असलेली इतर कंपन्यांची औषधे मिळत आहेत का, हे पाहावे. ती मिळत असतील, तर अडचण बहुधा एका कंपनीपुरती किंवा एका कारखान्यापुरती आहे. त्या घटकाची सगळीच औषधे एकदम गायब झाली असतील, तर एकतर मागणी अचानक वाढली आहे, कच्च्या मालाचा पुरवठा अडला आहे, किंवा त्या घटकाबद्दलच काही निर्णय झाला आहे. या तिसऱ्या शक्यतेसाठी नियामकाची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शंका कुठे खरी ठरते आणि कुठे नाही

ग्राहकाने शंका घेणे मला मुळीच गैर वाटत नाही. रॅनिटिडिनचे उदाहरण पाहावे. १९८० च्या दशकापासून जगभर कोट्यवधी लोकांनी ॲसिडिटीसाठी घेतलेल्या या औषधात एनडीएमए नावाची अशुद्धी असल्याकडे २०१९ मध्ये लक्ष वेधले गेले, ते अमेरिकेतील व्हॅलिशुअर या खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेने केलेल्या तपासणीमुळे. माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत एनडीएमएची गणना होते. १३ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही औषधांत ही अशुद्धी अल्प प्रमाणात आढळल्याचे जाहीर केले, आणि साठवणुकीचा काळ व तापमान वाढेल तसे तिचे प्रमाणही वाढू शकते असे दिसून आल्यावर १ एप्रिल २०२० रोजी सर्व रॅनिटिडिन बाजारातून काढून घेण्यास सांगितले. इथे शंका घेणारे बरोबर होते.

पण त्याच सुमारास फॅमोटिडिनही मिळेनासे झाले, आणि त्याचे कारण नेमके उलटे होते. रॅनिटिडिन सोडलेले लोक त्याच गटातल्या या औषधाकडे वळले. त्यातच एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोविडच्या रुग्णांवर फॅमोटिडिनची चाचणी सुरू असल्याची बातमी आली आणि मागणी आणखी वाढली. फॅमोटिडिनच्या तपासण्यांत एनडीएमए आढळले नव्हते. म्हणजे एकाच प्रकारच्या तक्रारीवरची दोन औषधे एकाच काळात दिसेनाशी झाली. त्यांतले एक असुरक्षित ठरल्यामुळे आणि दुसरे अनेकांना हवे झाल्यामुळे. "ॲसिडिटीच्या गोळ्या वाईट आहेत" एवढेच ज्यांच्या कानांवर आले, त्यांनी दोन्ही सोडली असतील. शंका औषधाच्या घटकापर्यंत नेली नाही, तर ती असे नुकसान करते.

कधी कधी दोष औषधात नसून वेष्टणावर असतो. २०१० च्या अखेरीस अमेरिकेत मायलँटा या द्रव औषधाच्या सुमारे १ कोटी २० लाख बाटल्या परत मागवण्यात आल्या; चवीसाठी घातलेल्या द्रव्यातून त्यात अल्कोहोलचा अगदी थोडा अंश येत होता आणि त्याचा उल्लेख वेष्टणावर नव्हता. ज्यांना अल्कोहोल कोणत्याही कारणाने वर्ज्य आहे त्यांच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाचीच होती. इतरांच्या दृष्टीने ती विषबाधेची बातमी नव्हती.

महाग औषध खपवण्यासाठी स्वस्त औषध मुद्दाम अडवले जाते, ही शंका सर्वांत जास्त ऐकू येते. तिचा पडताळा एका व्यक्तीला घेता येणे अवघड आहे. मात्र एवढे लक्षात ठेवावे की जुन्या, स्वस्त औषधांवर नफा कमी असतो, त्यांचे मूळ रसायन बनवणारे कारखाने अनेकदा मोजकेच असतात, आणि त्यांतला एक बंद पडला तर वेगवेगळ्या नावांची अनेक औषधे एकदम अडतात. भरीला लोक घाबरून चार-चार पाकिटे घेऊ लागले, की उरलेला मालही संपतो.

नाव तेच, औषध वेगळे

"यांनी गुपचूप काहीतरी बदलले आहे" ही शंका मात्र मी कधीच उडवून लावणार नाही. अमेरिकेत जुलाबावर विकले जाणारे केओपेक्टेट आधी केओलिन आणि पेक्टिन यांचे होते, नंतर ॲटापुल्गाइटचे झाले, आणि पुढे बिस्मथ सबसॅलिसिलेटचे. नाव एकच, औषधे तीन. २०१० मध्ये तिथल्याच अन्न व औषध प्रशासनाने मॅलॉक्स टोटल रिलीफबद्दल इशारा दिला, कारण मॅलॉक्स म्हणजे साधे ॲसिडिटीचे औषध असे समजून लोक ते घेत होते आणि त्यात प्रत्यक्षात बिस्मथ सबसॅलिसिलेट होते. हा घटक ॲस्पिरिनच्या कुळातला आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि पोटात व्रण (अल्सर) असणाऱ्यांनी तो टाळायचा असतो. मुलांना आणि किशोरवयीनांनाही तो स्वतःहून देऊ नये.

तेव्हा पर्याय निवडताना पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची वाचावी. "सक्रिय घटक" या मथळ्याखाली जे लिहिलेले असते, तेच औषध. बाकी रंग, चव आणि वेष्टण. आकडेही जपून वाचावेत. आम्ल कमी करणाऱ्या एका गोळीवर ओमेप्रॅझोल २० मिलिग्रॅम आणि दुसरीवर ओमेप्रॅझोल मॅग्नेशियम २०.६ मिलिग्रॅम लिहिलेले दिसले, तर ती मात्रा वाढवलेली नसते. मॅग्नेशियम क्षाराचे वजन धरल्यामुळे आकडा बदलतो, प्रत्यक्ष ओमेप्रॅझोल २० मिलिग्रॅमच असते.

पर्याय निवडताना

कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे घटक पोटातले आम्ल तिथल्या तिथे निष्प्रभ करतात; आराम काही मिनिटांत पडतो, पण फार काळ टिकत नाही. मॅग्नेशियमने पोट सैल होते, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमने बद्धकोष्ठ होतो, म्हणून नेहमीच्या औषधाऐवजी यांतले दुसरे घेतल्यावर शौचाची सवय बदलली तर ते औषध बनावट आहे असे लगेच समजू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. थायरॉइडच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके यांच्या शोषणात ही औषधे अडथळा आणतात. किती तासांचे अंतर ठेवायचे ते फार्मासिस्टकडून जाणून घ्यावे.

फॅमोटिडिन आम्ल तयार होण्याचेच प्रमाण कमी करते. त्याचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि दहा-बारा तास राहतो. ओमेप्रॅझोलच्या गटातील औषधेही आम्ल तयार होणे कमी करतात, पण त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला एक ते चार दिवस लागतात, त्यामुळे जळजळ सुरू असताना एक गोळी घेऊन "ही बाटली नकली आहे" असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. या गटाची औषधे अनेक आठवडे घेत असलेल्या व्यक्तीने ती अचानक थांबवली, तर आम्ल काही काळ पूर्वीपेक्षाही जास्त तयार होते आणि जळजळ उसळून येते. तुटवड्याची चाहूल लागताच, शेवटच्या गोळीची वाट न पाहता, डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करण्याचा किंवा बदलण्याचा मार्ग ठरवावा. पोटातील व्रणासाठी किंवा दीर्घकाळ घ्याव्या लागणाऱ्या वेदनाशामकांपासून संरक्षण म्हणून हे औषध सुरू असेल, तर त्याची अदलाबदल स्वतः करूच नये.

खाण्याचा सोडा हा उपाय पुष्कळांना आठवतो. त्यात सोडियम भरपूर असते, म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तो टाळावा. आणि पोट गच्च भरलेले असताना तर कोणीच घेऊ नये, कारण एकदम निर्माण होणाऱ्या वायूमुळे जठराला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

जुलाबाच्या बाबतीत लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारे औषध मिळाले नाही तर घाबरू नये. शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे हाच खरा उपचार आहे, आणि तो जलसंजीवनीने होतो. तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवावा. इथे चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा चहाचा चमचा. मीठ जास्त पडू देऊ नये. लोपेरामाइड हाताशी असले तरी ताप असताना किंवा शौचातून रक्त जात असताना घेऊ नये, आणि वेष्टणावर दिलेली मर्यादा ओलांडू नये. अतिरिक्त मात्रेने हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

छातीतले दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे पसरत असेल, उलटीतून रक्त येत असेल, गिळताना घास अडकत असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर पर्यायी गोळी शोधण्यात वेळ घालवू नये, डॉक्टर गाठावा. शौच डांबरासारखे काळे होणे हेही रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. बिस्मथ सबसॅलिसिलेटनेही शौच आणि जीभ तात्पुरती काळी पडते, म्हणून ते घेत असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

हातातल्या पाकिटाबद्दलच शंका आली तर

तुटवड्याच्या काळात अनोळखी विक्रेते ऑनलाइन पुढे येतात आणि बनावट मालाचा धोका तेव्हाच वाढतो. परवाना नसलेल्या विक्रेत्याकडून, वेष्टण नसलेल्या सुट्या गोळ्यांच्या रूपात किंवा मुदतीचा छाप खाडाखोड केलेले औषध घेऊ नये. गोळीचा रंग, वास किंवा चव बदललेली वाटली, तर ती घेणे थांबवावे, पण पाकीट टाकून देऊ नये. बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, औषध कुठून आणि केव्हा घेतले, ते घेतल्यावर किती वेळाने काय झाले, आणि त्याच दिवशी आणखी कोणती औषधे घेतली होती, एवढे लिहून काढावे आणि गोळीचे जवळून छायाचित्र घ्यावे. ही नोंद फार्मासिस्टला दाखवावी आणि तीच नियामकाच्या तक्रार विभागाकडे पाठवावी. "गोळ्या बोगस आहेत" या एका वाक्यावर तपास अधिकाऱ्याला काही करता येत नाही. बॅच क्रमांक आणि उरलेल्या गोळ्या हाती असतील, तर त्या प्रयोगशाळेत पाठवता येतात.