अंश सगळे सांगतात, छेद कोणी सांगत नाही: कराचा खरा दर काढायची रीत

‘देशाचा कर आम्हीच भरतो’ असे पगारदार म्हणतो, आणि कंपनीचा प्रवर्तकही (ती उभी करणारा मालक) तेच म्हणतो. दोघांच्याही हातात आकडा असतो आणि बहुतेक वेळा दोघांचाही आकडा बरोबर असतो. भांडण असते ते भागाकारातल्या छेदावर: भरलेला कर कशाने भागायचा? श्रीमंत माणूस कायद्यात राहून कर कसा टाळतो हे समजून घ्यायचे तर आधी हा भागाकार स्वतः करून पाहावा. एका रविवारचे काम आहे.

कागद लागतात ते असे: फॉर्म १६, आयकर पोर्टलवरून उतरवलेले एआयएस (तुमच्या वर्षभराच्या मिळकतीच्या व्यवहारांचे विवरण), विजेचे बिल आणि एका महिन्याच्या किराणा-पेट्रोलच्या पावत्या. खालचे सगळे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, पण या वर्षाचा हिशोब १९६१ च्या कायद्यानेच होतो.) जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ नंतरचे घेतले आहेत.

आधी अप्रत्यक्ष कर

इथेच बहुतेकांचे गणित चुकते. छापील किंमतीत कर आधीच धरलेला असतो. त्यामुळे ११८ रुपयांच्या वस्तूत १८ टक्क्यांचा जीएसटी १८ रुपये असतो. ११८ चे १८ टक्के काढले तर २१ रुपये येतात आणि ते चूक आहे. सूत्र सोपे: १८ टक्के दराला किंमत गुणिले १८ भागिले ११८, आणि ५ टक्क्यांना किंमत गुणिले ५ भागिले १०५.

पेट्रोल जीएसटीत नाही, म्हणून ते वेगळे काढावे लागते. या वर्षात मुंबईत पेट्रोल बराच काळ १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होते. त्यात केंद्राचे उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे आणि राज्याचा व्हॅट २५ टक्के, वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. व्हॅट काढताना १०३.५० मधून आधी ५.१२ वजा करा, उरलेल्या ९८.३८ ला १.२५ ने भागा, ७८.७० येतात. म्हणजे व्हॅट २४.८०. दोन्ही मिळून लिटरमागे ४६ रुपये ७० पैसे कर.

आता कल्याणकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रखवालदाराचे घर घेऊ. महिन्याला २५,००० रुपये, आयकर शून्य. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा.

- भाडे ६,००० आणि भाजी, दूध, सुटे धान्य ६,०००: कर शून्य
- तेल, साखर, चहा, पाकीटबंद पीठ, बिस्किटे ४,०००: कर १९०
- गॅस ९००: कर ४३
- दोन फोनचे रिचार्ज ६००: कर ९२
- साबण, टूथपेस्ट, शांपू ५००: कर २४
- कपडे-चपला, महिन्याची सरासरी १,०००: कर ४८
- वीज १,०००: १६ टक्के वीज शुल्कापोटी १३८
- पेट्रोल १५ लिटर: कर ७००

बेरीज १,२३५. त्यात दरमहा २०० रुपये व्यवसाय कर मिळवला की १,४३५, म्हणजे मिळकतीच्या ५.७ टक्के. यातला जवळपास अर्धा कर एकट्या स्कूटरच्या टाकीत गेला. शिवाय हा आकडा कमीच आहे, कारण भाजीच्या टेम्पोतल्या डिझेलवरचा कर भाजीच्या भावात मुरलेला असतो आणि तो पावतीवर दिसत नाही. ‘आयकर भरणारे मूठभर, बाकीचे फुकटे’ असे कुणी म्हणाले की ही यादी पुढे करावी.

पगारदाराचे घर

पगार १५ लाख. प्रमाणित वजावट ७५,००० गेली की करपात्र १४.२५ लाख. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, उरलेल्या २.२५ लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. बेरीज ९३,७५०, त्यावर ४ टक्के उपकर (करावरचा जादा कर), एकूण ९७,५००. व्यवसाय कराचे २,५०० धरून बरोबर १ लाख. खर्चातला अप्रत्यक्ष कर वरच्याच रीतीने काढायचा. दरमहा ५,००० निघाला असे धरू, वर्षाचे ६०,०००. एकूण १.६ लाख, म्हणजे १०.७ टक्के.

‘मी तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. स्लॅबचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रुपयांना लागतो. हिशोब करताना तो बाजूला ठेवा, नाहीतर सगळेच फुगते.

प्रवर्तकाचे घर

इथे थोडे थांबावे लागेल, कारण मिळकत कुठल्या वाटेने आली यावर सगळे ठरते. समजा वर्षाची मिळकत अडीच कोटी आहे; तीच तीन वाटांनी आणून पाहा.

पगार म्हणून आले तर २५ टक्के अधिभार (मोठ्या मिळकतीच्या करावर लागणारा जादा कर) आणि उपकरासह कर होतो सुमारे ९१.७५ लाख. लाभांश म्हणून आले तर अधिभाराला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून ८४.६८ लाख. आणि वर्षापेक्षा जास्त काळ धरून ठेवलेले सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर विकून तेवढाच नफा झाला, दुसरी मिळकत नाही, तर १.२५ लाखांची सूट व ४ लाखांची मूळ करमुक्त मर्यादा वगळून १२.५ टक्के, वर १५ टक्क्यांवर अडवलेला अधिभार आणि उपकर: साधारण ३६.६ लाख. रक्कम एकच, पण कर निम्म्याहून खाली. यात लबाडी काही नाही, दरपत्रकच तसे आहे. नोकरदाराला वाट निवडता येत नाही, मालकाला येते. खरा विशेषाधिकार हाच.

चौथी वाट म्हणजे विकायचेच नाही. समजा प्रवर्तकाकडे ५०० कोटींचे शेअर आहेत. वर्षात भाव १२ टक्के चढला, संपत्ती ६० कोटींनी वाढली. लाभांश आला २.५ कोटी. आणखी पैसे लागले तर शेअर तारण ठेवून कर्ज काढले; कर्ज ही मिळकत नव्हे, त्यावर कर नाही. विवरणपत्रात दिसतात फक्त २.५ कोटी आणि त्यावर ८४.६८ लाख कर.

आता छेद बदलून पाहा. ८४.६८ लाख भागिले २.५ कोटी: ३३.९ टक्के. सीए हाच आकडा सांगेल. ८४.६८ लाख भागिले ६२.५ कोटी (६० कोटींची वाढ अधिक २.५ कोटी लाभांश): १.३५ टक्के. टीकाकार हा सांगेल. अमेरिकेत प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये हाच दुसरा भागाकार केला होता: सर्वांत श्रीमंत २५ जणांची संपत्ती २०१४ ते २०१८ मध्ये ४०१ अब्ज डॉलरने वाढली, आयकर भरला १३.६ अब्ज, म्हणजे ३.४ टक्के.

प्रवर्तकाची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हिशोब एकांगी होतो. कंपनीने आपल्या नफ्यावर २५.१७ टक्के कर आधीच भरलेला असतो. शेअरचा भाव नफ्याच्या ४० पट आहे असे धरले, तर त्याच्या वाट्याचा करोत्तर नफा १२.५ कोटी, करपूर्व १६.७ कोटी आणि कंपनीने त्याच्या वतीने भरलेला कर ४.२ कोटी. तो अंशातही मिळवा आणि छेदातही. घरखर्चातला जीएसटी सढळ हाताने ५० लाख धरा. ५.५५ कोटी भागिले ६६.७ कोटी: ८.३ टक्के.

मोजमाप मात्र सगळ्यांना एकच लावायचे. पगारदाराच्या फ्लॅटची किंमत वर्षात ६ लाखांनी वाढली असेल तर त्याचाही छेद १५ वरून २१ लाख होतो आणि दर १०.७ वरून ७.६ टक्क्यांवर येतो. म्हणजे प्रवर्तकाला सगळ्यात उदार माप लावले तरी ५०० कोटींचा मालक आणि १५ लाखांचा पगारदार एकाच पातळीवर येतात. मिळकत वाढेल तसा दर वाढावा हे आयकराचे मूळ तत्त्व, ते वरच्या टोकाला थबकते.

एका वर्षावर मात्र कधीही निकाल देऊ नका. बाजार पडलेल्या वर्षी छेद ऋण होतो आणि दराला अर्थ राहत नाही. पाच वर्षांची बेरीज घ्या.

पुढे ढकललेला कर कधीतरी येतो का?

अमेरिकेत वारसाला शेअर मिळाले की मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या भावाला नेऊन ठेवतात आणि आयुष्यभराची वाढ करातून सुटते. भारतात तसे नाही. वारसाला वडिलांची खरेदी किंमतच चिकटते. पण इथे मृत्युकर १९८५ मध्ये गेला आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने, त्यामुळे वारस जोवर विकत नाही तोवर कुणी विचारत नाही.

शिवाय २०१८ ची एक फट आहे. त्या अर्थसंकल्पाने शेअरवरचा दीर्घकालीन नफा पुन्हा करपात्र केला, मात्र ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ माफ केली. २००५ मध्ये १०० रुपयांना घेतलेला शेअर त्या दिवशी २,००० होता आणि आज ३,००० ला विकला, तर कर फक्त शेवटच्या १,००० वर: १२.५ टक्क्यांनी १२५ रुपये. सगळ्या २,९०० च्या नफ्यावर हे ४.३ टक्के होतात, अधिभार-उपकर वेगळे. जुने, मोठे गठ्ठे ज्यांच्याकडे होते त्यांनाच ही माफी भरघोस मिळाली.

कुटुंबात मिळकत वाटणे ही आणखी जुनी युक्ती. पत्नीला किंवा अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाला दिलेल्या पैशांची कमाई देणाऱ्याच्याच मिळकतीत जोडली जाते. सज्ञान मुलाला दिले तर जोडली जात नाही. हिंदू अविभक्त कुटुंबाला वेगळा पॅन आणि वेगळी करमुक्त मर्यादा मिळते. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा पत्नीला बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. शेतीची मिळकत तर करमुक्तच.

खऱ्या माणसावर करून पाहायचे असेल तर

दुसऱ्याचे विवरणपत्र मिळत नाही, पण उमेदवाराचे शपथपत्र मिळते. निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या पोर्टलवरून नमुना २६ उतरवा. त्यात स्वतःची, जोडीदाराची, अविभक्त कुटुंबाची व अवलंबितांची मागच्या पाच वर्षांची विवरणपत्रातली मिळकत असते; पुढे जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता आणि देणी.

एकाच उमेदवाराची पाच वर्षांच्या अंतराची दोन शपथपत्रे घ्या. प्रत्येकातून मालमत्ता वजा देणी काढा, दोन्हींतला फरक काढा आणि तो दुसऱ्या शपथपत्रातल्या पाच वर्षांच्या मिळकतीच्या बेरजेशेजारी मांडा. सगळ्या घराचे रकाने मिळवा; फक्त उमेदवाराचा घेतला तर पत्नीच्या आणि अविभक्त कुटुंबाच्या नावावरचे निसटते. फरक मोठा दिसला म्हणून लगेच चोरी समजू नका. आधी जुन्या जमिनीचा रकाना पाहा: खरेदी किंमत आणि चालू बाजारभाव शेजारी लिहिलेले असतात, बरीचशी वाढ तिथेच सापडते. पण तो बाजारभाव उमेदवाराने स्वतः अंदाजाने लिहिलेला असतो, म्हणून त्या भागातल्या रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या) दराशी ताडून घ्या.

शेअरच्या रकान्यात जास्त जपून राहा. सूचीबद्ध कंपन्यांचे शेअर बाजारभावाने आणि असूचीबद्ध कंपन्यांचे पुस्तकी किंमतीने दाखवावेत, असे नमुन्यातच म्हटले आहे. म्हणजे घरच्या खासगी कंपनीचे शेअर तिच्या ताळेबंदातल्या जुन्या आकड्यावर बसलेले असू शकतात, आणि त्या कंपनीच्या नावावर आज मोक्याची जमीनही असू शकते. अशा शेअरपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घाला, कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फी भरून त्या कंपनीचा ताळेबंद काढा, आणि तो हातात येईपर्यंत छेद पक्का धरू नका.