फ्लँकर कसा तयार करायचा: रग्बी कोच लोकांसाठी

बहुतेक टीममध्ये फ्लँकरचं, म्हणजे ६ आणि ७ नंबरच्या प्लेयरचं, ट्रेनिंग म्हणजे टॅकल बॅगला धडका द्यायच्या आणि खाली पडलेल्या प्लेयरकडून बॉल ओढून घ्यायचा, झालं. हे लागतंच, नाही म्हणत नाही. पण माझ्या मते फ्लँकरला सगळ्यात आधी शिकवायचं ते म्हणजे कुठल्या रकमध्ये (जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही टीमचे प्लेयर उभ्याने भिडतात तो घोळका) जायचं आणि कुठला सोडून द्यायचा. ताकदवान, धाडसी पोरगा दिसेल त्या रकमध्ये डोकं घालतो, प्रेक्षक खूश होतात, पण तेवढ्यात तो पेनल्टी देऊन बसतो, नाहीतर बॉल दुसऱ्या बाजूला जातो आणि आपल्या डिफेन्स लाईनमध्ये एक माणूस कमी पडतो आणि ट्राय (आपल्या गोललाईनपलीकडे बॉल टेकवून समोरच्यांनी घेतलेले पॉईंट) तिथेच जाते. म्हणून खाली जे काही लिहितोय ते सगळं शेवटी या निर्णयापाशीच येतं.

आधी कामं समजून घेऊ. स्क्रमच्या (दोन्ही टीमचे फॉरवर्ड वाकून एकमेकांना ढकलतात तो) ज्या बाजूला मैदान जास्त मोकळं तिकडचा तो ओपनसाईड, टचलाईनकडच्या अरुंद बाजूचा तो ब्लाईंडसाईड. साधारणपणे ७ नंबर ओपनसाईड आणि ६ नंबर ब्लाईंडसाईड, पण साऊथ आफ्रिकेत उलटं आहे, सिया कोलिसी ६ घालतो आणि पीटर-स्टेफ डू टॉय ७ घालून ब्लाईंडसाईडचं काम करतो. त्यामुळे पोरांना नंबरवरून नाही, कामावरून शिकवा. ओपनसाईडने बॉलपाशी सगळ्यात आधी पोचायचं, न्यूझीलंडचा रिची मॅककॉ आणि ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड पोकॉक या ओपनसाईडवाल्यांचे जुने सामने दाखवा, ते बॉलकडे पळण्याआधी किती वेळ नुसतं बघत असतात ते पोरांना दिसू दे. ब्लाईंडसाईडने समोरून येणारे दणकट प्लेयर पाडायचे, स्वतः बॉल घेऊन घुसायचं, लाईनआऊटला (टचलाईनवरून आत फेकलेला बॉल दोन रांगांत उभं राहून पकडतात तो) उडी मारायची. आणि सतत टॅकल करत राहायचं, हे काम दिसायला साधं पण सामने यावरच फिरतात. २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये डू टॉयने २८ टॅकल केले आणि साऊथ आफ्रिका न्यूझीलंडविरुद्ध १२-११ ने जिंकली.

स्क्रमपासून सुरू करू, कारण इथे फ्लँकर सगळ्यात जास्त आळस करतात. नजर स्क्रम-हाफवर (स्क्रममध्ये बॉल टाकणारा ९ नंबर) आणि शरीर नुसतं टेकवलेलं, असं चालणार नाही. एका हाताने लॉकला (दुसऱ्या रांगेतला) घट्ट बाईंड करायचं, म्हणजे धरून ठेवायचं, खांदा प्रॉपच्या (पहिल्या रांगेतला) कुल्ल्याखाली, पाठ सरळ, दोन्ही पाय मागे आणि जोर पुढे व किंचित आत, म्हणजे प्रॉप बाहेर फाकत नाही. तुमचा प्रॉप सारखा कोसळतोय किंवा वाकडा होतोय असं दिसलं तर प्रॉपवर ओरडण्याआधी त्याच्या मागच्या फ्लँकरकडे बघा. बॉल बाहेर येईपर्यंत बाईंड सोडायचा नाही, आणि समोरच्या स्क्रम-हाफला अडवायला मुद्दाम अंग बाहेर काढून कोन वाढवायचा नाही, दोन्हीला पेनल्टी आहे. वयोगटाचे नियमही बघून घ्या, १९ वर्षांखालच्या सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही.

समोरच्यांचा बॉल बाहेर आला की दोघांची कामं वेगळी होतात. ओपनसाईड फ्लाय-हाफकडे (स्क्रम-हाफचा पास घेणारा १० नंबर) निघतो, पण सरळ त्याच्या छातीवर पळायचं नाही, त्याच्या आतल्या खांद्याच्या रेषेत पळायचं म्हणजे त्याला परत आत वळता येत नाही आणि तो बाहेर, जिथे आपले लोक उभे आहेत तिकडे ढकलला जातो. ब्लाईंडसाईडने मात्र लगेच पळत सुटायचं नाही. त्याने आधी आपली अरुंद बाजू बंद आहे का ते बघायचं, समोरचा ८ नंबर बॉल उचलून येतोय का, स्क्रम-हाफ एकटाच पळतोय का, आणि ते काही नसेल तरच लाईनच्या मागून पळत पलीकडे जायचं. हे दोन्ही चालत चालत शिकवा, मग हळू पळत, मग पूर्ण वेगात. आणि दर वेळी स्क्रम-हाफला काय करायचं ते त्याला हळूच कानात सांगा, म्हणजे फ्लँकरला अंदाज बांधता येणार नाही, बघावंच लागेल.

टॅकलबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळ्याच प्लेयरना शिकवता. फ्लँकरसाठी दोनच गोष्टी वेगळ्या. एक, खाली मांडीवर मारलेला चॉप टॅकल त्याला चांगला यायला हवा, कारण समोरचा पटकन जमिनीवर गेला तरच मागून येणाऱ्या जोडीदाराला बॉल मिळतो. पुढचा पाय समोरच्याच्या जवळ टाकायचा, डोकं नेहमी त्याच्या बाजूला, कधीही त्याच्या वाटेत नाही, हात आवळायचे आणि पाय चालू ठेवायचे. दुसरं, पाडल्यावर लगेच सोडून उठायचं. टॅकल करणाऱ्याने आधी हात सोडायला हवेत, तेही रेफ्रीला स्पष्ट दिसेल असे, मग उठून स्वतःच्या बाजूने येऊनच बॉलला हात लावायचा. पोरं पकडून ठेवूनच ओढायला लागतात आणि पेनल्टी तिथेच जाते.

आता जॅकल, म्हणजे पडलेल्या प्लेयरकडून उभ्या उभ्या बॉल काढणं. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ सपाट, मान वर आणि डोळे पुढे, दोन्ही हात सरळ बॉलवर. हात आधी पलीकडे जमिनीला टेकवून मग मागे ओढले तर रेफ्री शिट्टी वाजवणार. वजन स्वतःच्या पायांवर हवं, खालच्या प्लेयरवर रेलायचं नाही. आणि यायचं आपल्या बाजूने, मागून, आडव्या कोपऱ्यातून नाही. रक झाल्यावर हात लावता येत नाही, पण त्याआधीच नीट उभं राहून बॉल धरला असेल तर सोडायची गरज नाही, म्हणूनच सगळा खेळ पहिल्या एका सेकंदाचा आहे.

यासाठी मी घेतो ती ड्रिल सविस्तर सांगतो कारण निर्णय यातच शिकवला जातो. साधारण पाच मीटरचा चौकोन घ्या. एक जण बॉल घेऊन येतो, एक टॅकल करतो, आणि टॅकलरच्या मागे दोन पावलं बाजूला तुमचा फ्लँकर. बॉलवाल्याच्या मागे दोन सपोर्ट प्लेयर उभे. तुम्ही फ्लँकरच्या पाठीमागे उभे राहा, म्हणजे त्याला तुम्ही दिसणार नाही पण सपोर्टवाल्यांना दिसाल, आणि बोटांनी खूण करा: मूठ म्हणजे कोणी यायचं नाही, एक बोट म्हणजे एकाने उशिरा यायचं, दोन बोटं म्हणजे दोघांनी चिकटून यायचं. समोरचा जमिनीवर पडायच्या आत फ्लँकरने मोठ्याने ओरडायचं, "बॉल" किंवा "लाईन". सपोर्ट नसेल किंवा लांब असेल तर बॉल, आणि हात लगेच आत. दोघं अंगावर आलेले असतील तर लाईन, म्हणजे रक सोडून बाजूला पहिल्या जागी उभं राहायचं, हात वर करून शेजारच्याला आवाज द्यायचा आणि पुढच्या अटॅककडे बघायचं. पॉईंट योग्य हाकेला द्या, बॉल मिळाला की नाही याला नाही. बरोबर "लाईन" म्हणून बाजूला झालेल्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, कारण या कामाला मॅचमध्ये कोणी टाळ्या वाजवत नाही आणि पोरांना वाटतं आपण काहीच केलं नाही.

ड्रिल जमायला लागली की दम लागलेला असताना घ्या. वीस-तीस मीटर पळ, छातीवर झोप, ऊठ, बॅगला टॅकल, परत ऊठ, आणि मग लगेच वरची ड्रिल. ताज्या पायांनी सगळेच शहाणे असतात, सत्तराव्या मिनिटाला कोण नीट बघतो ते महत्त्वाचं. मात्र थकवा फार वाढवू नका, टॅकलचं तंत्र बिघडायला लागलं की थांबवा.

जॅकलची पोझिशन मान आणि डोक्यासाठी धोकादायक असते हे गंभीरपणे घ्या. वाकून नुसतं वाट बघत राहायचं नाही, एका सेकंदात बॉल हलला नाही आणि समोरून माणूस येतोय तर सोडून मागे व्हायचं. मानेचे व्यायाम रोजच्या वॉर्म-अपमध्येच असू द्या. जॅकलवाल्याला मानेला-अंगाला धरून गोल फिरवून आडवं पाडायचा क्रोकोडाईल रोल जुलै २०२४ पासून बंद आहे, तेव्हा क्लीन-आऊट (रकमधून समोरच्याला हटवणं) शिकवताना समोरून, खालून, हात लावून ढकलणंच शिकवा. आणि कोणाच्या डोक्याला लागल्याची शंका जरी आली तरी त्याला बाहेर काढा, त्या दिवशी परत खेळवू नका, कप्तान काहीही म्हणो.

आपल्याकडे बॉल असतानाचं काम थोडक्यात: बॉलवाल्याच्या आतल्या बाजूला दोन-तीन मीटर मागे राहायचं. तो पुढे निसटला तर पास तिथेच मिळतो आणि पडला तर रकला पहिले तुम्हीच पोचता, एकाच धावेत दोन्ही. याला फक्त सवय लागते, टच रग्बी खेळवताना "बॉल सुटल्यावर तुझ्या मागे कोण होतं?" एवढंच विचारत राहा. लाईनआऊटला ब्लाईंडसाईडला उडी आणि उचलणं दोन्ही शिकवा, ओपनसाईड बहुतेक वेळा शेपटीला उभा असतो, तिथून त्याला फ्लाय-हाफवर जाता येतं पण लाईनआऊट संपल्यावरच.

मॅचनंतर व्हिडिओ असेल तर मोबाईलवरचा चालतो. एका फ्लँकरला बाजूला बसवा, त्याचे आठ-दहा रक काढा आणि प्रत्येक वेळी टॅकल पूर्ण व्हायच्या आधीची फ्रेम थांबवून विचारा, "इथे काय दिसतंय, बॉल का लाईन?" तुम्ही उत्तर देऊ नका, थांबा, कितीही वेळ शांतता झाली तरी. सुरुवातीला पोरगा फक्त पडलेल्या बॉलबद्दल बोलेल. काही आठवड्यांनी तो सपोर्टवाले किती लांब आहेत, रेफ्री कुठे उभा आहे, आपली लाईन किती रुंद आहे हे स्वतःहून सांगायला लागला की त्याला ७ नंबरची जर्सी द्यायला हरकत नाही, आणि साऊथ आफ्रिकेत असाल तर ६.