पाणी सोडलं, तरी तेल वाढेना? वॉटरफ्लडमधल्या या चुका टाळा

तेलसाठ्याचा नैसर्गिक दाब उतरला की पाणी सोडून तो सावरायचा आणि त्याच पाण्याने तेल उत्पादक विहिरीकडे ढकलायचं, ही वॉटरफ्लडची पद्धत. सुरुवातीचे काही महिने उत्पादन सावरतं, मग एक-दोन विहिरींतून पाणीच जास्त यायला लागतं आणि सगळं लक्ष त्या विहिरींवर जातं. रिग आणली जाते, सिमेंट भरलं जातं, पंप बदलला जातो. दुखणं मात्र बहुतेक वेळा इंजेक्शनच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, बाजूला असतं. किती पाणी सोडलं हा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ असतो. ते खडकात कुठे गेलं, हे विचारलं की उत्तर मिळत नाही.

बॅरलला बॅरल हा हिशेब

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथेच होते. समजा एका पॅटर्नमधून (पाणी सोडणाऱ्या आणि तेल काढणाऱ्या विहिरींच्या एका गटातून) रोज 1000 बॅरल तेल आणि 500 बॅरल पाणी निघतं, म्हणून रोज 1500 बॅरल पाणी सोडलं जातं. कागदावर जमा-खर्च जुळला. पण जमिनीखाली तेलात वायू विरघळलेला असतो, त्यामुळे तिथे त्याचं आकारमान जास्त असतं. फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर (तेलाचं खालचं आकारमान वरच्याच्या किती पट, तो आकडा) 1.3 असेल, तर वर आलेल्या 1000 बॅरल तेलाने खाली 1300 बॅरल जागा रिकामी केलेली असते. पाण्याचे 500 धरून 1800. म्हणजे भरपाईचं प्रमाण 1 नाही, 0.83 आहे. रोज 300 बॅरलचा खड्डा पडतोय आणि अहवालात मात्र सगळं ठीक आहे. त्यात मोकळा वायूही निघत असेल, तर तूट आणखी मोठी.

यापुढची चूक जास्त फसवी आहे: हिशेब अख्ख्या फील्डचा एकत्र मांडणे. एका कोपऱ्यात प्रमाण 1.6 आणि दुसऱ्यात 0.5 असलं तरी सरासरी छान दिसते. प्रत्यक्षात एकीकडे पाणी उत्पादक विहिरींपर्यंत धावत असतं आणि दुसरीकडे दाब बबल पॉइंटच्या, म्हणजे ज्या दाबाखाली तेलातला वायू सुटू लागतो त्याच्या, खूप खाली गेलेला असतो. तिथे वायू तेलातून सुटतो, उरलेलं तेल घट्ट होतं आणि मग कितीही पाणी सोडलं तरी ते तेलाला ढकलण्याऐवजी त्याला वळसा घालून पुढे जातं. म्हणून हिशेब पॅटर्ननिहाय ठेवा, आणि शक्य असेल तिथे थरनिहाय.

दाब वाढवला की काम होतं, हा समज

विहीर पाणी घेईना, की पंपाचा दाब वाढवायचा हा पहिला मोह. दाब खडकाच्या फ्रॅक्चर प्रेशरच्या वर गेला की खडकात भेग पडते आणि विहीर एकदम सहज पाणी घ्यायला लागते. कंट्रोल रूममध्ये त्याचा आनंद होतो, पण मला तरी हाच क्षण सगळ्यात धोक्याचा वाटतो. भेग उत्पादक विहिरीच्या दिशेने गेली तर मधलं तेल तसंच राहतं आणि पाणी सरळ बाहेर येतं. वरच्या आच्छादक खडकात शिरली, तर पाणी साठ्याबाहेरच जातं.

गरम साठ्यात गार पाणी सोडलं की विहिरीभोवतीचा खडक थंड होऊन आकसतो आणि फ्रॅक्चर प्रेशर आणखी खाली येतं. त्यामुळे सुरुवातीला केलेल्या स्टेप रेट टेस्टचा (पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने वाढवत फ्रॅक्चर प्रेशर शोधण्याच्या चाचणीचा) आकडा वर्षानुवर्षे धरून बसू नका, ती टेस्ट ठरावीक काळाने पुन्हा करा.

रोजच्या पाहणीसाठी हॉल प्लॉट पुरेसा बोलका आहे. दाब गुणिले दिवस यांची बेरीज उभ्या अक्षावर आणि एकूण सोडलेलं पाणी आडव्या अक्षावर. रेषा सरळ असेल तर ठीक. ती वर वळली तर खडकाची तोंडं बुजताहेत, खाली झुकली तर भेग पडली आहे किंवा पाणी भलत्या थरात शिरतंय. वर वळलेली रेषा दिसली तर दाब वाढवू नका, आधी पाणी तपासा.

पाणी म्हणजे पाणीच, असं नसतं

पाण्याची तपासणी ते शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या तोंडाशी करून थांबू नका. पाइपलाइनमधला गंज आणि बॅक्टेरियांचा थर पुढे मिसळतो, म्हणून नमुना विहिरीच्या तोंडाशी घ्या. कणांबाबत ढोबळ नियम असा: खडकातल्या छिद्रांना जोडणाऱ्या अरुंद गळ्याच्या एक तृतीयांशाहून मोठे कण खडकाच्या पृष्ठभागावरच साचतात, एक सप्तमांशाहून लहान कण आरपार जातात. खरा घात मधले कण करतात. ते आत शिरतात आणि तिथेच अडकतात, मग ॲसिड मारूनही पूर्वीची क्षमता सहसा परत येत नाही.

रसायनांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. विरघळलेला ऑक्सिजन काढण्यासाठी बायसल्फाइट वापरतात आणि तेच बॅक्टेरिया मारायला घातलेलं क्लोरीनही खाऊन टाकतं. ते क्लोरीनच्या आधी किंवा अगदी जवळ घातलं, तर दोन्ही वाया जातात. ग्लुटरल्डिहाइड या बायोसाइडशीही (जंतुनाशकाशीही) त्याची प्रतिक्रिया होते. डोस पूर्ण गेल्याची नोंद असूनही बॅक्टेरिया वाढत असतील, तर डोस दुप्पट करण्याआधी ही रसायनं घालण्याचे पॉइंट कुठे आहेत ते जाऊन पाहा. सल्फेट खाणारे बॅक्टेरिया एकदा साठ्यात रुजले की हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतो, आणि तो माणसांच्या जिवावर बेततो.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, तर काही साठ्यांच्या मूळ पाण्यात बेरियम. दोन्ही भेटले की बेरियम सल्फेट जमतं, ते हायड्रोक्लोरिक ॲसिडला दाद देत नाही. दोन्ही पाण्यांची सुसंगतता साठ्याच्या तापमानाला, पाणी सोडण्याआधीच तपासून घ्या. गोड्या पाण्याचा धोका वेगळा आहे. खडकात फुगणारी चिकणमाती असेल, तर पारगम्यता, म्हणजे पाणी-तेल वाहू देण्याची खडकाची क्षमता, बघता बघता घटते.

खडक आणि पाणी यांच्यातलं हे नातं किती खोल जातं, ते नॉर्वेच्या एकोफिस्क या समुद्रातल्या तेलक्षेत्राने दाखवलं. तिथे समुद्रतळ खचत असल्याचं 1984 मध्ये लक्षात आलं आणि 1987 मध्ये प्लॅटफॉर्म 6 मीटर वर उचलावे लागले. त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर पाणी सोडणं सुरू झालं. दाब सावरला, तेलही वाढलं, पण खचणं काही लगेच थांबलं नाही, कारण पाणी लागल्यावर तिथला चुनखडीसारखा मऊ चॉक खडक आणखी कमकुवत होतो.

विहिरींची दिशा

नकाशावर चौकोनी पॅटर्न सुबक दिसतो, खडकाला त्याचं सोयरसुतक नसतं. टेक्ससच्या स्प्राबेरी तेलक्षेत्रात नैसर्गिक भेगा ईशान्य-नैर्ऋत्य धावतात, त्यामुळे त्या रेषेत असलेल्या विहिरींत पाणी भराभर पोचतं. भेगांची दिशा माहीत असेल तर इंजेक्शनच्या विहिरी त्या दिशेला समांतर ओळीत आणि उत्पादक विहिरी शेजारच्या ओळीत ठेवा. माहीत नसेल, तर आधी ट्रेसर (पाण्याची वाट ओळखता यावी म्हणून त्यात मिसळायचा पदार्थ) सोडा.

पाणी आलं, की लगेच जेल

उत्पादक विहिरीत पाणी आलं की त्याची वाट बुजवायला जेल भरण्याची घाई होते. आलेलं पाणी कुठलं आहे हे आधी ठरवा. त्याची क्षारता सोडलेल्या पाण्याशी जुळते की साठ्याच्या मूळ पाण्याशी? मग पाणी-तेल गुणोत्तर आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह (ते बदलण्याचा वेग) लॉग-लॉग कागदावर काढा. चान या अभियंत्यांनी 1995 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत डेरिव्हेटिव्ह चढत गेलं तर चॅनेलिंगचा (पाणी एखाद्या सोप्या वाटेने सरळ येण्याचा) संशय, उतरत गेलं तर कोनिंगचा (खालचं पाणी शंकूसारखं वर ओढलं जाण्याचा). नुसत्या आलेखावर विसंबू नका, कारण थरांच्या रचनेमुळे चॅनेलिंगसारखाच आकार दिसू शकतो. प्रॉडक्शन लॉग आणि टेम्परेचर लॉगने (विहिरीत उपकरण सोडून प्रवाह आणि तापमान मोजून) खात्री करा, केसिंगमागचं, म्हणजे विहिरीच्या पोलादी नळीमागचं, सिमेंट तपासा. कोनिंग असेल तर आधी उत्पादनाचा दर कमी करून पाहा, तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

तेल घट्ट असेल तर पाणी दाट करणाऱ्या पॉलिमरकडे वळणं योग्यच, पण त्याची व्हिस्कॉसिटी फक्त टाकीत मोजू नका. पाण्याबरोबर पुढे जाताना चोक व्हॉल्व्हमध्ये (प्रवाह आवळणाऱ्या झडपेत) पॉलिमरचे लांब रेणू तुटतात, पाण्यात लोह आणि ऑक्सिजन एकत्र आले तरी हे रेणू तुटतात, आणि साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे कॅल्शियम जास्त असेल तर पॉलिमर गाळ होऊन खाली बसू शकतो. विहिरीच्या तोंडाशी, दाब हळूहळू उतरवत आणि हवा लागू न देता नमुना घ्या. तो टाकीतल्यापेक्षा बराच पातळ निघाला, तर बिघाड पॉलिमरच्या दर्जात नाही, मधल्या वाटेत शोधा.