बॅकडोअर काढताना आधी एक्सक्लूजन तपासा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह घरी जोडला आणि फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला, तर त्यावर क्लिक करू नका. तो शॉर्टकट असतो. क्लिक केलं की मागे लपलेली फाइल चालते आणि बाहेरच्या माणसाला तुमच्या कॉम्प्युटरचा चोरदरवाजा, म्हणजेच बॅकडोअर, मिळतो. विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या क्रॅकचंही तेच. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' म्हणणारी फाइल सरळ डिलीट करा.

शंका आली की पहिले वायफाय बंद, लॅन केबल काढा. मग विंडोज सिक्युरिटीत एक्सक्लूजनची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या फाइल-फोल्डरची, यादी उघडा. इथेच बहुतेकांचं चुकतं: बॅकडोअर अनेकदा स्वतःचं फोल्डर या यादीत टाकून ठेवतो, म्हणून स्कॅन त्याला वगळून 'सगळं ठीक' सांगतो. अनोळखी नोंदी काढा, मग डिफेंडरचं (विंडोजच्याच अँटिव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन चालवा. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने लपणं अवघड जातं. नंतर टास्क शेड्युलर, स्टार्टअप या आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामच्या याद्याही बघा.

पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरूनच बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पुन्हा लक्षणं दिसली तर फक्त कागदपत्रं, फोटो वाचवून विंडोज नव्याने टाका.