भारताच्या बॅडमिंटन संघाची वही कशी ठेवावी

शेजारच्या नववीतल्या मुलानं मध्ये एकदा विचारलं, "मावशी, भारतानं थॉमस कप किती वेळा जिंकलाय?" म्हटलं, एकदा. २०२२ला. "मग तुमच्या वहीत त्याची एवढी पानं कशाला?" त्याला शाळेच्या प्रकल्पासाठी एक तक्ता हवा होता: वर्ष, स्पर्धा, पदक. असा तक्ता पाच मिनिटांत होतो आणि त्यातून संघाबद्दल काही म्हणता काही कळत नाही. म्हणून त्याला बसवलं आणि वही कशी आखायची ते दाखवलं. तेच इथे लिहिते आहे.

मी मूळची सांगलीची, आता डोंबिवलीत. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी जिल्हा स्पर्धांना गुणलेखन केलं. एका स्पर्धेच्या गुणपत्रिका दुसऱ्या दिवशी कँटीनवाल्याकडे वडापाव बांधायला गेलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. तेव्हापासून नोंद स्वतःची स्वतः ठेवायची, ही सवय लागली ती लागलीच.

दोनशे पानी फुलस्केप वही घ्या आणि आडवी धरा, उभ्या पानात रकाने मावत नाहीत. थॉमस कप, म्हणजे पुरुष संघांचा, पुढून सुरू करा. उबेर कप, महिला संघांचा, मागून. मधली पानं सुदिरमन कप (पुरुष-महिला मिळून एकाच संघाचा), आशियाई स्पर्धा, आशियाई सांघिक आणि राष्ट्रकुलसाठी ठेवा. पेन्सिल वापरा. पहिल्या वर्षी मी पेननं लिहिलं आणि खाडाखोड करून पान असं केलं की माझं मलाच वाचता येईना.

लिहिण्याआधी दोन शब्द वेगळे करून घ्या. वर्तमानपत्रं 'सामना' आणि 'लढत' हे शब्द मनाला येईल तसे वापरतात. माझ्या वहीत भारत विरुद्ध डेन्मार्क ही लढत आणि तिच्यातली एकेक एकेरी-दुहेरी म्हणजे सामना. एका लढतीत पाच सामने: थॉमस आणि उबेरला तीन एकेरी, दोन दुहेरी, सुदिरमनला पुरुष एकेरी, महिला एकेरी, दोघांच्या दुहेरी आणि मिश्र दुहेरी. पान आखताना आधी वर्ष, गाव, फेरी, प्रतिस्पर्धी, निकाल, मग पाच सामन्यांचे पाच रकाने, आणि शेवटी चांगली ऐसपैस शेऱ्याची जागा.

वर्षाचे मात्र दोन रकाने करा. २०२० सालचा थॉमस कप प्रत्यक्षात खेळला गेला ऑक्टोबर २०२१मध्ये, डेन्मार्कच्या आरहूसला. हांगझोची आशियाई स्पर्धा नावानं २०२२ची, झाली २०२३ला. एकच रकाना ठेवलात तर पुढे कधीतरी कुणाशी तरी नक्की भांडाल. मी भांडले आहे, आणि चूक माझी होती.

आता मुख्य काम. निकालाच्या रकान्यात ३-० लिहून पुढे जायचं नाही. गटातल्या लढतीत पाचही सामने खेळवतात, कुणी आधीच तीन जिंकले तरी. बाद फेरीत तिसरा विजय झाला की लढत संपते. त्यामुळे गटातलं ५-० आणि बाद फेरीतलं ३-० यांची तुलना करून काही हाती लागत नाही. बाद फेरीत न झालेल्या सामन्याच्या रकान्यात आडवी रेघ मारा, रिकामा सोडू नका. रिकामा म्हणजे 'मला सापडलं नाही', रेघ म्हणजे 'झालाच नाही'.

२०२२च्या थॉमस कपचं, बँकॉकचं पान उदाहरण म्हणून घेऊ. मे २०२२. गटात जर्मनी ५-०, कॅनडा ५-०, आणि तैवानकडून हार, २-३. हो, ज्या वर्षी आपण कप आणला त्या वर्षी आपण एक लढत हरलो होतो. ही ओळ पदकाच्या तक्त्यात कुठे दिसते? गटात दुसरे आलो आणि उपांत्यपूर्व फेरीत समोर मलेशिया उभा राहिला.

त्यानंतरची तीन पानं मी त्या मुलाला बोट ठेवून वाचायला लावली. मलेशियाविरुद्ध पहिली एकेरी लक्ष्य सेन हरला. पहिली दुहेरी सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी जिंकले. दुसरी एकेरी किदम्बी श्रीकांत जिंकला. दुसरी दुहेरी हरलो. पाचवा सामना एच. एस. प्रणय जिंकला. आता डेन्मार्कविरुद्ध उपांत्य लढत वाचा: लक्ष्य अ‍ॅक्सेलसनकडून हरला, सात्त्विक-चिराग जिंकले, श्रीकांत अँटोन्सनला हरवून गेला, दुसरी दुहेरी हरलो, प्रणय जिंकला. तीच ओळ, जशीच्या तशी. मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही चुकून दोनदा लिहिलंय." तिथेच वहीचा उपयोग त्याला कळला, मला काही सांगावं लागलं नाही.

सात्त्विक-चिरागचा उपांत्य लढतीतला सामना २१-१८, २१-२३, २२-२०. तिसऱ्या गेमला दोन गुणांचा फरक! प्रणय रासमुस गेमकेविरुद्ध पहिला गेम १३-२१ हरला, कोर्टवर घसरून घोटा दुखावला, आणि मग २१-९, २१-१२. शेऱ्यात मी फक्त 'घोटा' असं लिहिलंय. शेरा एका शब्दाचा असावा, तरच वीस वर्षांनी तो पुरा आठवतो. मोठी वाक्यं लिहिली की आपण आपलीच वृत्तपत्रं होतो.

अंतिम लढत १५ मे, रविवार. समोर इंडोनेशिया, त्यांच्या नावावर तेव्हा चौदा कप. लक्ष्यनं गिंटिंगविरुद्ध पहिला गेम ८-२१ घालवला आणि पुढचे दोन २१-१७, २१-१६ जिंकले. सात्त्विक-चिराग अहसान-सुकामुल्जोविरुद्ध १८-२१, २३-२१, २१-१९. तो दुसरा गेम बघताना मी गॅसवरचं दूध उतू घातलं. मग श्रीकांत जोनाथन क्रिस्टीविरुद्ध २१-१५, २३-२१, आणि संपलं. ३-०. चौथ्या आणि पाचव्या रकान्यात रेघ.

पण पाचव्या रकान्यातल्या त्या रेघेवर मी बारीक अक्षरात 'प्रणय' लिहून ठेवलंय. दोन रात्री पाठोपाठ ज्यानं लढत तारली तो अंतिम दिवशी कोर्टवर आलाच नाही, येण्याची गरज पडली नाही. नुसत्या निकालपत्रात तो त्या दिवशी नाहीच. म्हणून माझा नियम: रेघ मारलेल्या जागीही कोण खेळणार होतं ते लिहायचं.

कोण कितव्या क्रमांकावर खेळतो हे बहुतेक जागतिक क्रमवारीवरून ठरतं, प्रशिक्षकाच्या लहरीवर नाही. चांगला खेळाडू मुद्दाम खाली लपवता येत नाही. म्हणून तिसरी एकेरी आणि दुसरी दुहेरी हे दोन रकाने लाल पेन्सिलीनं चौकटीत घ्या. पहिली एकेरी एखादा अव्वल खेळाडू कुठल्याही देशाला जिंकून देईल. संघ आहे की नाही ते या दोन चौकटींत दिसतं.

खात्री करायची तर हांगझोचं पान बँकॉकशेजारी ठेवा. १ ऑक्टोबर २०२३, आशियाई स्पर्धेची पुरुष सांघिक अंतिम लढत, समोर चीन, घर त्यांचं. लक्ष्यनं शी युकीला हरवलं, सात्त्विक-चिराग जिंकले, २-०. श्रीकांतचा पहिला गेम २२-२४ गेला आणि तिथून सगळं उलटलं. दुसरी दुहेरी ६-२१, १५-२१. पाचव्या सामन्याला प्रणय पाठदुखीनं बाहेर, त्याच्या जागी मिथुन मंजुनाथ, वेंग हाँगयांगकडून १२-२१, ४-२१. रौप्यपदक. आशियाई स्पर्धेत पुरुष संघाचं पहिलंच रौप्य, म्हणजे तक्त्यात सोन्यासारखी ओळ. पण लाल चौकटी दोन्ही पानांवर एकच सांगतात: दुसरी दुहेरी आपल्याकडे नाही, आणि प्रणय नसला तर पाचवा सामनाही नाही. २०२४च्या थॉमस कपला चेंगडूमध्ये चीननंच उपांत्यपूर्व फेरीत ३-१नं काढलं, तेव्हाही दुसरी दुहेरी गेलीच. आपल्याकडे पहिल्या जोडीचं एवढं कौतुक होतं, मालाडच्या चिरागचं तर घरच्या पोरासारखं, की दुसरी जोडी कोण हे विचारायला कुणाला फुरसत नसते.

महिलांच्या बाजूनं वही उलटी करा. उबेर कपला कांस्य दोनदा, २०१४ दिल्ली आणि २०१६ कुन्शान. दिल्लीची जपानविरुद्धची उपांत्य लढत जरूर लिहा. सायना आणि सिंधूनं आपापल्या एकेरी जिंकल्या, मग पुढचे दोन सामने गेले, आणि शेवटच्या दुहेरीला त्याच दोघींना जोडी करून उतरवलं. हरलो, २-३. इथे नवख्यांची चूक होते: पाचवा सामना म्हणजे तिसरी एकेरी असं धरून चालतात. एकेरी खेळलेल्याला दुहेरी खेळायची असेल तर त्याला दम खायला मिळावा म्हणून सामन्यांचा क्रम बदलू शकतो. तेव्हा रकान्याच्या डोक्यावर नुसतं 'पाचवा' न लिहिता प्रत्येक नोंदीत ए३ (तिसरी एकेरी) किंवा दु२ (दुसरी दुहेरी) असं लिहा.

उलट उदाहरण फेब्रुवारी २०२४चं, मलेशियातल्या शाह आलमचं. आशियाई सांघिक स्पर्धा, भारतीय महिलांचं पहिलं सुवर्ण. गटात चीनला ३-२, उपांत्य लढतीत जपानला ३-२, अंतिम लढतीत थायलंडला ३-२, आणि तिन्ही वेळा निर्णायक पाचवा सामना जिंकणारी एकच, सतरा वर्षांची अनमोल खरब. शेवटचा २१-१४, २१-९. माझ्या वहीत त्या पानावर ए३ची लाल चौकट तीनदा भरलेली आहे, असं दुसरं पान नाही.

सुदिरमनला वेळ घालवू नका. २०११ आणि २०१७ला उपांत्यपूर्व फेरी, दोन्हीदा चीनकडून हार, एवढं पुरे. राष्ट्रकुलचं मिश्र सांघिक सुवर्ण २०१८चं, गोल्ड कोस्टला, मलेशियाला ३-१. त्यात श्रीकांतनं मलेशियाच्या दिग्गज ली चाँग वेईला हरवलं ही नोंद गोड आहे. पण पानाच्या वर लिहून ठेवा की तिथे चीन, इंडोनेशिया, जपान, कोरिया, डेन्मार्क येतच नाहीत.

जुन्या काळासाठी वेगळी पानं लागतील. १९८२पर्यंत थॉमस कपच्या लढतीत नऊ सामने असत, पाच एकेरी आणि चार दुहेरी, आणि स्पर्धा तीन वर्षांनी येई. १९८४पासून पाच सामने आणि दर दोन वर्षांनी. १९४९च्या पहिल्या अंतिम लढतीत मलायानं डेन्मार्कला ८-१ हरवलं, हे पाच रकान्यांत कुठे बसवणार? आखणी नऊची करा. आणि 'मलाया'चं 'मलेशिया' करू नका, तेव्हा जे नाव होतं तेच लिहा. गुणही तेव्हाचे पंधराचे आणि सर्व्हिस असेल तरच गुण. २१ गुणांची आताची पद्धत २००६पासूनची.

भारत १९५२, १९५५ आणि १९७९ला उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. म्हणून २०२२ला 'त्रेचाळीस वर्षांनी' हा शब्द सगळीकडे होता. मी त्याआधी कित्येक वर्षं शाळेत मुलांना १९७९चं एकच सांगत आले. पन्नाशीच्या दशकातल्या दोन नोंदी नाटेकरांचं पान भरताना हाती लागल्या.

ते पान वहीत सर्वांत जुनं. नंदू नाटेकर आमच्या सांगलीचे, बाबा त्यांचं नाव घेताना खुर्चीत सरळ होऊन बसत. १९५६ला परदेशात स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, १९६१ला बॅडमिंटनमधले पहिले अर्जुन पुरस्कार विजेते. थॉमस कपला ते १९५१ ते १९६३ खेळले: एकेरीचे १६ सामने, त्यांतले १२ जिंकले, दुहेरीचे १६, त्यांतले ८. खेळाडूचं पान असंच ठेवावं, संघासाठी खेळलेले सामने वेगळे, स्वतःसाठी जिंकलेले कप वेगळे. एकेक सामना मला अजून जुळवता आलेला नाही. बत्तीस ओळी आखून ठेवल्या आहेत, अकरा भरल्यात, बाकीच्या रिकाम्या. रेघ नाही मारलेली.