टर्बो पेट्रोल इंजिन: ब्रीदरचे पाइप जोडताना
क्रँककेसमधल्या (इंजिनच्या खालच्या, क्रँकशाफ्टच्या पेटीतल्या) वाफेला बाहेर पडायला दोन वाटा लागतात. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपात, व्हॅक्यूम असतो, तेव्हा वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसची वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) तिकडे जाते. बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) आला की मॅनिफोल्डमध्येच दाब चढतो. मग वाफेने हेड कव्हरवरच्या ब्रीदरमधून (वाफ बाहेर पडायचं तोंड) टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाच्या पाइपात जायचं. ब्रीदरचा हा पाइप एअर-फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आणि टर्बो यांच्या मधेच जोडा. सेन्सरच्या आधी जोडलात तर तेलकट वाफ सेन्सर खराब करते.

मॅनिफोल्डकडच्या पाइपात एकदिशा व्हॉल्व्ह हवाच. तो काढून फुंकून बघा: मॅनिफोल्डच्या दिशेने हवा गेली पाहिजे, उलट अजिबात नाही. उलट गेली तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक वर उडते आणि ऑइल सील गळू लागतात. लोक सील बदलत बसतात, दोष मात्र या छोट्या व्हॉल्व्हचा! पेट्रोल-वाफेच्या कॅनिस्टरहून (टाकीतली वाफ साठवणारा डबा) मॅनिफोल्डला येणाऱ्या पाइपालाही हाच नियम.

होज तेल सोसणाराच घ्या. हीटरचा पाण्याचा होज तेलाने फुगून मऊ पडतो आणि व्हॅक्यूमने चपटा होतो. पाइपाला मधे झोळ ठेवू नका, तिथे तेल-पाणी साचतं.