घरदुरुस्तीची अवजारे : आधी घर पाहावे, मग दुकान

घरदुरुस्तीसाठी अवजारे घ्यायची ठरली की बहुतेक जण थेट दुकान गाठतात किंवा मोबाइलवर शंभर नगांचा संच शोधू लागतात. माझा आग्रह असा की, त्याआधी वही-पेन्सिल घेऊन एकदा स्वतःच्या घरातून फिरावे. स्विचबोर्डाच्या आणि दारांच्या बिजागऱ्यांच्या स्क्रूंना कोणती खाच आहे, मोरीतल्या नळाचा नट किती मोठा आहे, भिंत विटांची आहे की सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची, आणि गेल्या वर्षभरात कोणकोणत्या कामांसाठी बाहेरून माणूस बोलवावा लागला, एवढे टिपून घेतले की यादी तयार झालीच. ती दहा-बारा वस्तूंच्या पुढे क्वचितच जाते. मोठ्या संचांत बरीचशी भरती असते आणि ज्या चार अवजारांना खरोखर हात लागणार, नेमक्या त्यांच्याच पोलादात काटकसर केलेली असते. मी असा एक संच घेतला होता. ओट्याखालच्या गंजलेल्या बिजागरीवर जोर देताच त्यातील स्क्रूड्रायव्हरचे टोक गोल झाले आणि स्क्रूची खाचही बुजली. शेवटी तो स्क्रू ड्रिलने पोखरून काढावा लागला.

म्हणून पहिला पैसा स्क्रूड्रायव्हरवर खर्च करावा. चौफुली, म्हणजे फिलिप्स खाचेसाठी पीएच १ आणि पीएच २ या मापांची टोके, तर सपाट खाचेसाठी साधारण ३ आणि ६ मिलिमीटर रुंदीची पाती, असे चार सुटे नग बहुतेक घरांना पुरतात. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. आधुनिक कपाटांच्या बिजागऱ्यांवर पुष्कळदा फिलिप्सऐवजी पॉझिड्रिव्ह खाचेचे स्क्रू असतात. चौफुलीच्या चार हातांच्या मधल्या जागांत चार बारीक रेघा दिसल्या तर तो स्क्रू पॉझिड्रिव्ह समजावा आणि त्यासाठी पीझेड २ हे टोक घ्यावे. फिलिप्सचे टोक त्यात बसल्यासारखे वाटते, पण जोर दिला की वर सरकते आणि खाच खराब करते. घरातील एक-दोन स्क्रू खिशात घालूनच दुकानात जावे. स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर स्क्रू टेकवून तो हलके फिरवून पाहावा. टोक खाचेत घट्ट बसले पाहिजे, डुगडुगता कामा नये. दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे पोलादाच्या प्रकाराचे नाव कोरलेले असणे चांगले, मात्र खरी परीक्षा टोकाच्या कडांची असते. त्या स्वच्छ आणि एकसारख्या घासलेल्या असाव्यात, रंगाच्या थराखाली झाकलेल्या नसाव्यात.

पक्कड आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटरची घ्यावी. ती मिटून उजेडासमोर धरली असता तार कापायच्या धारेतून प्रकाश दिसू नये, आणि साधा कागद त्या धारेने स्वच्छ कापला गेला पाहिजे. सांध्यात आडवी हालचाल नसावी, तरीही एका हाताने ती सहज उघडता-मिटता यावी. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात पक्कड मागितली की पुष्कळदा टपारियाचे नाव पुढे येते आणि त्या कंपनीचा कारखाना नाशिकच्या सातपूरमध्ये आहे. पण नाव कोणतेही असो, हातातील नगाची ही तपासणी टाळू नये.

विजेच्या कामाबाबत मी अधिक कडक आहे, कारण येथे अवजाराची निवड चुकली तर जीव जाऊ शकतो. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. पकडीच्या दांड्यांवरील साधे प्लास्टिक हाताची पकड सुधारण्यासाठी असते. त्याने विजेपासून संरक्षण मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. ज्या अवजारांची तशी चाचणी झालेली असते त्यांच्यावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि ‘१००० व्होल्ट’ असा स्पष्ट उल्लेख असतो. विजेच्या कामासाठी स्वतंत्र पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर त्याच खुणेचे घ्यावेत. टेस्टरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. त्यातील निऑनचा दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर पेटतो, त्यामुळे कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असताना किंवा लख्ख उन्हात तो पेटलेला असूनही कित्येकदा दिसत नाही. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून खात्री करावी, मग कामाच्या जागी लावावा आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटवर तपासावा. ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ असा सुरक्षिततेचा दर्जा लिहिलेला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजणारे यंत्र, घेणे त्याहून चांगले. एमसीबी खाली पाडल्याशिवाय स्विचबोर्ड उघडू नये आणि वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनवरच सोपवावे.

नळकामासाठी सरकत्या जबड्याचा पाना लागतो आणि तेथे मापाचा घोळ हमखास होतो. ‘अर्धा इंची’ नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसतो, तो सुमारे २१ मिलिमीटर असतो; त्यावर बसणारा नट अर्थातच आणखी मोठा. आठ इंची पाना अशा नटावर अनेकदा अपुरा पडतो, तेव्हा दहा इंचीच घ्यावा. जबडा मध्यापर्यंत उघडून हलवून पाहावा. जो फार खुळखुळतो तो नटाचे कोपरे झिजवणार. वापरताना मुख्य जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने पाना फिरवावा. क्रोमच्या चकचकीत नळांवर दातेरी पाईप पाना लावू नये आणि लावावाच लागला तर मध्ये जाड कापड घ्यावे.

मापाच्या साधनांची पारख दुकानातच करता येते. टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे धातूचा हूक, किंचित मागेपुढे हलतो म्हणून कित्येक जण तो टेप परत करतात, परंतु ही हालचाल मुद्दाम ठेवलेली असते. हा हूक कडेला अडकवून ओढला किंवा भिंतीला टेकवून दाबला, तर त्याच्या स्वतःच्या जाडीइतका फरक त्या सरकण्याने भरून निघतो. पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल, एका पृष्ठभागावर ठेवून बुडबुड्याची जागा पाहावी आणि मग त्याच जागी ती टोकाकडून टोकाकडे उलटवावी. बुडबुडा दोन्ही वेळा तेथेच आला तर ती खरी. काटकोन आखायच्या गुण्याचीही अशीच परीक्षा होते. सरळ कडेला टेकवून एक रेघ मारावी, गुण्या पालटून त्याच बिंदूपासून दुसरी मारावी, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात का ते पाहावे.

ड्रिलचा निर्णय सर्वांत महागडा असतो आणि तो भिंतीवरून घ्यावा. वीट आणि सिमेंटच्या भिंतीत पडद्याच्या कांब्या, चित्रे, लहान फळ्या लावायच्या असतील, तर १३ मिलिमीटर चकचे (चक म्हणजे बिट पकडणारा भाग), वेग कमी-जास्त करता येणारे आणि उलटेही फिरणारे ५०० ते ६०० वॅटचे इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे फिरताना हातोड्यासारखे ठोकेही देणारे ड्रिल, पुरेसे आहे. सिपोरेक्सच्या भिंतीत मात्र हातोड्याची क्रिया बंद ठेवून भोक पाडावे, नाहीतर ठिसूळ ब्लॉक आतून भुगा होतो आणि स्क्रूसाठी भोकात बसवलेला प्लग धरत नाही. काँक्रीटमध्ये नेहमी भोके पाडायची असतील तर एसडीएस चकचे (बिट खटक्याने बसणारे) रोटरी हॅमर, म्हणजे जोरदार ठोके देणारे ड्रिल, लागते, पण वर्षातून चार भोकांसाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही; ते भाड्याने आणावे. कॉलम आणि बीमवर तर मी सांगेन की, आतल्या सळयांचा विचार करून भोक टाळावेच. भिंतीसाठी टंग्स्टन कार्बाइडच्या टोकाचेच बिट घ्यावेत. ६ मिलिमीटरच्या प्लगला ६ मिलिमीटरचाच बिट लागतो. बॅटरीचे ड्रिल घेणाऱ्यांनी ‘२० व्होल्ट’ पाहून भुलू नये, कारण तीच पाच सेलची बॅटरी चालताना सरासरी १८ व्होल्ट देते आणि २० हा आकडा नुकत्याच पूर्ण भरलेल्या स्थितीचा आहे. पहिली बॅटरी घेतली की पुढची यंत्रेही त्याच कंपनीची घ्यावी लागतात, एवढे आधीच मनाशी ठरवावे. ड्रिलसोबत डोळ्यांसाठी गॉगल घेतला नाही तर खरेदी अपुरी समजावी.

हातोडी साधारण ३०० ते ५०० ग्रॅमची असावी. लाकडी दांड्याच्या शिरा लांबीच्या दिशेने सरळ धावणाऱ्या पाहाव्यात. हॅकसॉला धातूसाठी इंचाला २४ दात्यांचे पाते लावावे आणि दाते पुढच्या दिशेने ठेवावेत.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा लोहार चाळ, पुण्यात बोहरी आळी, अशा बाजारांत एकाच अवजाराचे दोन-तीन नग हातात घेऊन तुलना करता येते, आणि घासाघीस करण्याआधी ही तुलना करणे अधिक फायद्याचे असते. घरी आणल्यावर मात्र कोकणातील आणि मुंबईतील दमट पावसाळा हे पोलादाचे मोठे दुखणे ठरते. जूनच्या आधी प्रत्येक अवजार पुसून त्यावर यंत्रतेलाचा पातळ हात फिरवावा. कापडाच्या पिशवीत किंवा ओलसर बाल्कनीत न ठेवता ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. पुड्या ओलावा शोषून भरल्या की बदलाव्यात आणि सप्टेंबरअखेर डबा उघडून पहिल्यांदा पकडीच्या सांध्यात थेंबभर तेल सोडावे.